ताईचं लग्न आतेभावाशी ठरतंय, पण त्याच्या धाकट्याला ऐकू येत नाही. टेस्ट कुणाची करायची?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढायची वेळ आली. घरचा विषय आहे म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, सोलापूर तेवढं खरं.

ताईचं लग्न आत्याच्या मोठ्या मुलाशी करायचं घरात चाललंय. म्हणजे त्याच्याकडून बघितलं तर मामाची मुलगी. आमच्याकडे यात नवल काही नाही, आत्याला पण तिच्या आत्याच्याच घरात दिलेली. मुलगा चांगला आहे, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत नोकरी, ताईला पण पसंत. लहानपणी गड्ड्याच्या यात्रेत एकाच पाळण्यात बसून दोघं ओकलेले आहेत त्यामुळे बघण्याचा कार्यक्रम वगैरे भानगड नाही.

अडचण एकच. आत्याच्या धाकट्याला जन्मापासून ऐकू येत नाही. हुशार आहे, टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर जेकार्डची डिझाइनं काढतो, पण ऐकू येत नाही म्हणजे नाही. मी पुण्याहून आलो होतो तेव्हा जेवताना सहज म्हणालो की लग्नाआधी एकदा जेनेटिक टेस्ट करून घेऊ. आई गप्प. पप्पा ताटावरून उठले. दोन दिवसांनी आत्याचा फोन, "आमच्या रक्तात खोट काढतोस का रे?"

आता मला सांगा, टेस्ट करायची तर नेमकी कुणाची आणि कसली? आणि नात्यातल्या लग्नात खरंच धोका असतो की हा सगळा व्हॉट्सअ‍ॅपवरचा बागुलबुवा?

तिरकस

पहिली टेस्ट तुझी कर. जेवणाच्या ताटावर असला विषय काढायची अक्कल कुठल्या जीनमधून आली ते कळेल.

शेंगाचटणी

काही होत नाही बे. माझी आजी आजोबांची मामेबहीण. आम्ही सात भावंडं, चुलत धरून एकवीस, सगळे ठणठणीत. एकाला चष्मा आहे तो पण मोबाईलमुळं. उगं सोन्यासारखं स्थळ मोडू नका.

गोत्रावळी

आपल्या पूर्वजांनी सगोत्र विवाह निषिद्ध ठरवला तो उगाच नव्हे. जेनेटिक्सचा शोध पाश्चात्यांनी आत्ता लावला, आपल्याकडे हे ज्ञान आधीपासून होतं. गोत्र वेगळं असेल तर निश्चिंत राहा.

रेणूसूत्र

@गोत्रावळी काका, इथंच घोळ होतो. गोत्र फक्त बापाकडून मुलाकडं जातं, वाय क्रोमोसोमसारखं. धागाकर्त्याच्या ताईचं आणि तिच्या आतेभावाचं गोत्र वेगळंच असणार, पण दोघांचे आजी-आजोबा तेच, त्यामुळे डीएनएचा सरासरी आठवा हिस्सा म्हणजे १२.५ टक्के दोघांत सारखा. इथं तर आधीच्या पिढीत पण नात्यातच लग्न झालंय त्यामुळे त्याहून थोडा जास्तच. उलट सगोत्र पण वीस पिढ्यांपूर्वी फुटलेली दोन घराणी असतील तर त्यांच्यात रक्ताचं म्हणावं असं जवळपास काही उरलेलं नसतं.

@जुळेसोलापूरकर, मी याच क्षेत्रात काम करते, कौन्सेलिंगमध्ये. आकडा सांगते, घाबरू नका. कुठल्याही जोडप्याला, अगदी एक काश्मीरचा एक केरळचा असला तरी, बाळात जन्मजात मोठा दोष असण्याची शक्यता २ ते ३ टक्के असतेच. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात ती साधारण ४ ते ६ होते. म्हणजे शंभरातल्या ९४-९६ बाळांचं सगळं व्यवस्थित होतं, शेंगाचटणी यांच्या घरातल्यासारखं. म्हणूनच लोकांना अनुभवावरून धोका पटत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही.

पण हा झाला सगळ्यांचा सरसकट आकडा. तुमच्या घरात एक मूल समोर बसलेलं आहे. तुमचा हिशोब त्याच्यापासून सुरू होतो. त्याला ऐकू का येत नाही, हे कुणी शोधलंय का?

जुळेसोलापूरकर

नाही. आत्या म्हणते ताप आला होता. आजी म्हणायची ग्रहणात भाजी चिरली.

पूर्वभाग

ग्रहणाचं आमच्याकडे पण हाय. दुभंगलेला ओठ म्हणजे ग्रहण, पाय वाकडा म्हणजे ग्रहण.

आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू. तुम्ही आतेभाऊ म्हणून घाबरताय, आमच्यात सख्ख्या मामाशी लग्न व्हायचं, माझ्या थोरल्या काकूचं तसंच. मराठी लोकांत मामाची मुलगी चालते पण आत्याची मुलगी करत नाहीत असं ऐकलंय, आमच्यात तिन्ही चालतं. आता नवीन पिढी नाही म्हणते. दोघांच्यात काही दोष नाही पण काकूचं पहिलं मूल गेलं, का गेलं कुणालाच माहीत नाही.

गोत्रावळी

@रेणूसूत्र, गोत्राचं मान्य. पण मग सपिंडाचं, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्न नको या नियमाचं काय? आईकडून तीन पिढ्या आणि बापाकडून पाच. हे तर दोन्ही बाजू धरतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही आलंय.

रेणूसूत्र

हो, हे मात्र बरोबर. सपिंडाच्या नियमात आते-मामे भावंडांचं लग्न बसतच नाही. पण त्याच कायद्यात रूढी असेल तर चालेल अशी सूट आहे, आणि आपल्या भागात रूढी आहे. इरावती कर्वेंनी नातेसंबंधांवर काम केलं तेव्हा महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा आहे असंच मांडलं होतं. सोलापूर तर त्या पट्ट्याचाही काठ.

तिरकस

डार्विनसाहेबांनी पण मामाचीच मुलगी केली होती म्हणे. म्हणजे ते आमच्या सोलापूरचेच.

रेणूसूत्र

खरंय. १८३९ मध्ये एमाशी, सख्ख्या मामाची मुलगी. दहा मुलं झाली, तीन लहानपणीच गेली. आपल्या लग्नामुळे तर नाही ना हे त्यांच्या मनाला खात राहिलं. १८७१ च्या जनगणनेत नात्यातल्या लग्नांचा प्रश्न घाला म्हणून खटपट केली, पार्लमेंटनं नाकारलं. पुढे त्यांच्या मुलानं, जॉर्जनं, त्यावर आकडेवारी गोळा केली. म्हणजे जेवणाच्या टेबलावर हा विषय तिकडं पण निघालेला.

एकटा_जीव

एवढ्या भानगडी कशाला? सरळ जातीबाहेर करा. प्रश्न मिटला.

शेंगाचटणी

झालं. आला हा.

भूलवाली

जुळेसोलापूरकर बाळ, मी भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. एकटा_जीव यांनी काडी टाकली असली तरी त्यात मुद्दा आहे म्हणून एक जुनी गोष्ट लिहिते.

फार वर्षांपूर्वीची केस, तेलंगणाकडून आलेले वैश्य समाजातले गृहस्थ, साधं ऑपरेशन. नळी घालण्याआधी स्नायू सैल पडायला आम्ही स्कोलीन म्हणून एक औषध द्यायचो. पाच-दहा मिनिटांत उतरतं. यांचं उतरेना. अर्धा तास झाला, तास झाला, माणूस श्वास घेईना. मी आणि सिस्टर आळीपाळीनं बॅग दाबत बसलो, संध्याकाळी कधीतरी बोट हललं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. बाहेर येऊन सांगितलं तर त्यांचे भाऊ म्हणतात, "अहो आमच्या काकांचं पण असंच झालं होतं, तेव्हा वाटलं डॉक्टरनं भूल जास्त दिली."

रक्तातल्या एका एन्झाइममुळे ते औषध फुटतं आणि उतरतं. काही घराण्यांत ते एन्झाइम जन्मतः कमी. एरवी आयुष्यभर काही त्रास नाही, फक्त त्या एका औषधाला. पुढे वाचलं की वैश्य समाजात हे प्रमाण बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त आहे. कारण काय तर शेकडो वर्षं लग्नं आपसातच. भाऊ-बहिणीत नाही, मामाकडे नाही, रीतसर लांबच्या घरात, पण त्याच समाजात. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांच्या गटानं दक्षिण आशियातल्या अडीचशेहून जास्त समाजांचे नमुने तपासले तर त्यातले ८१ असे निघाले की त्यांचं मूळ फार थोड्या माणसांत, फिनलंडच्या लोकांहून पण जास्त आटलेलं. त्यामुळे "नात्यातलं नाही, फक्त जातीतलं आहे" म्हणून सुटका झाली असं कुणीच समजू नये. त्या दिवसानंतर मी प्रत्येक पेशंटला विचारायची, घरात कुणाला ऑपरेशननंतर श्वास उशिरा आला का. फुकट टेस्ट होती ती.

एकटा_जीव

@भूलवाली ताई दंडवत. मी काय वेगळं म्हणत होतो.

गोत्रावळी

वेगळंच म्हणत होता. आजार शोधा म्हणणं आणि समाज मोडा म्हणणं यात फरक आहे. प्रत्येक समाजाला आपली

संपादक

गोत्रावळी आणि एकटा_जीव यांचे पुढचे नऊ प्रतिसाद काढले आहेत. धागा ताईच्या लग्नाचा आहे.

दोन_मुलींची_आई

भूलवाली ताईंचा किस्सा वाचून लिहितेय. माझं लग्न नात्यातलं नाही की गावातलं नाही. पहिल्या वेळी रक्त कमी म्हणून महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या गिळल्या, हिमोग्लोबिन दहाच्या वर जाईना. सासूबाई म्हणायच्या पालक खात नाही. शेवटी एका डॉक्टरांनी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी रक्ताची टेस्ट, करायला लावली तर थॅलेसेमिया मायनर. म्हणजे आजार नाही, मी फक्त वाहक, जनुकाची एक बिघडलेली प्रत बाळगणारी. लोह कमी नव्हतंच मुळी. मग यांची टेस्ट होईपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले माझं मला माहीत, कारण दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मेजरची, आणि मेजर म्हणजे आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवायचं. यांचं नॉर्मल निघालं. पत्रिका जुळवताना छत्तीसातले एकतीस गुण होते म्हणे, ही एक टेस्ट मात्र कुणाला सुचली नाही.

अवांतर: शाळेत बाई सगळ्या वर्गाला जिभेची गुंडाळी करायला लावायच्या, जमली तर आईकडून आली. मला जमते, आई-बाबा दोघांना जमत नाही. सातवीत आठवडाभर मला वाटत होतं मी दत्तक आहे.

रेणूसूत्र

अरे देवा. ती जिभेची गोष्ट १९४० ची, स्टर्टव्हंट नावाच्या शास्त्रज्ञाची. १९५२ मध्ये जुळ्यांवर तपासलं तर तंतोतंत एकसारख्या जुळ्यांत पण एकाला जमते एकाला नाही असं निघालं. स्टर्टव्हंटनं स्वतः मान्य केलं. शाळा अजून शिकवतात. जमत नसलेल्या कित्येकांना सरावानं जमते. तुम्ही आईबाबांच्याच.

पूर्वभाग

जिभेचं जाऊ द्या, रंगाचं सांगा. माझ्या मामाला लाल-हिरवं कळत नव्हतं आणि धंदा चादरीचा! एकदा मोराच्या चादरीत मोर तपकिरी आला. आजोबांनी मारलं, मुद्दाम केलं म्हणून. नंतर मामीनं सुताच्या कोनाला गाठी मारायला सुरुवात केली, एक गाठ हिरवा, दोन गाठी लाल, तीस वर्षं तसाच धंदा केला मामानं. त्याच्या पोरांना काही नाही. आता माझ्या बहिणीचा मुलगा रेल्वेत लोको पायलटला निवडला गेला आणि मेडिकलला त्या ठिपक्यांच्या पुस्तकात अडकला. घरात रडारड. मधल्या कुणालाच नव्हतं मग आलं कुठून?

रेणूसूत्र

तुमच्या आजीकडून, आईमार्गे, बहिणीमार्गे. हे जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं. बाईकडं दोन एक्स, एक बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो, तिला कळत पण नाही. पुरुषाकडं एकच. मामानं मुलांना वाय दिला म्हणून ती सुटली. मामाला मुलगी असेल तर ती मात्र नक्की वाहक.

आणि मामीला माझा नमस्कार सांगा, गाठींची आयडिया भारी आहे.

शेंगाचटणी

म्हणजे टकलाचं पण आईकडूनच येतं का? आईच्या बापाला पूर्ण टक्कल होतं, मी तेहतीसचा, आरसा टाळतोय.

रेणूसूत्र

थोडं आईकडून, पण बरीच जनुकं आहेत आणि बापाकडून पण येतात. आरसा टाळून उपयोग नाही.

आता परत मुद्द्यावर. @जुळेसोलापूरकर, समजा धाकट्याचा बहिरेपणा जनुकीय आहे आणि दोन्हीकडून बिघडलेली प्रत आल्याशिवाय दिसत नाही अशा प्रकारचा आहे. आई-बाप ऐकणारे आणि नात्यातले असले की बहुतेक तसाच असतो. मग हिशोब असा. आत्या नक्की वाहक. तिला ते आजी किंवा आजोबांकडून आलं, तेव्हा तुमच्या पप्पांकडं असण्याची शक्यता निम्मी, ताईकडं त्याच्या निम्मी, म्हणजे पाव. होणारा नवरा वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश. दोघं वाहक असतील तर बाळाला चारात एक. गुणाकार केला की चोवीसात एक. एरवी हजार बाळांत एक-दोन.

तिरकस

दोन तृतीयांश कसं काय? निम्मं पाहिजे ना. सावकारी हिशोब दिसतोय.

रेणूसूत्र

आत्याला चार मुलं झाली असं धरा. सरासरी एक पूर्ण निर्दोष, दोन वाहक, एक न ऐकणारा. मोठ्याला ऐकू येतं म्हणजे तो चौथा नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे. उरले तीन, त्यात दोन वाहक.

तिरकस

पटलं. शब्द मागे.

जुळेसोलापूरकर

चोवीसात एक म्हणजे मला कमी वाटतंय की जास्त तेच कळेना. आईला सांगितलं तर म्हणाली "म्हणजे तेवीस चांगले की." मग ताईची आणि भावजींची टेस्ट करून टाकू का सरळ?

रेणूसूत्र

नाही! हीच चूक सगळे करतात. बहिरेपणाची जनुकं शंभराच्या वर आहेत. ताईचं रक्त घेऊन नेमकं काय शोधणार? काही तरी कुठं तरी निघेलच आणि रिपोर्टवर येईल "अर्थ अनिश्चित". आपल्याकडे हा प्रकार जास्त होतो कारण जगातले मोठे डेटाबेस बरेचसे युरोपीय लोकांचे. आपल्या समाजात सर्रास असलेला निरुपद्रवी बदल त्यात दुर्मिळ दिसतो आणि उगाच संशय घेतला जातो. जीनोम इंडिया प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे प्रत्येकाचा सगळा डीएनए, वाचले ते याचसाठी, तो डेटा २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुला झाला, फरीदाबादच्या केंद्रात ठेवलाय. "आपले पूर्वज कोण" त्याच्या बातम्या होतात, पण माझ्या टेबलावर त्याचा उपयोग हा आहे, एखाद्या पोरीचं लग्न खोट्या संशयावर मोडू नये.

तर आधी धाकट्याची टेस्ट. जीजेबी२ नावाचं एक जनुक आहे, त्यातला एक ठराविक बदल भारतात वारंवार सापडतो, तिथून सुरुवात. तिथं नाही निघालं तर मोठी टेस्ट. त्याच्यात नेमकी चूक सापडली की मग ताईकडं तेवढीच एक बघायची. ताईकडं नसेल तर त्या कारणापुरता विषय संपला. दोघांकडं असली तरी लग्न मोडलंच पाहिजे असं नाही. बाळ जन्मल्याबरोबर कानाची तपासणी, लागलंच तर लवकर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, आणि या जनुकाच्या मुलांना त्याचा चांगला फायदा होतो.

हे पण लक्षात ठेवा की कारण जनुकीय नसेलही. आईला गरोदरपणी रुबेला, जन्मतः जास्त कावीळ, काही इंजेक्शनं, यानं पण कान जातो. जुने कागद शोधा.

भूलवाली

आणि आत्याशी तू बोलू नकोस बाळ. आईला पाठव. दोघींनाच बसू दे.

शेंगाचटणी

कडक भाकरी आणि माझ्या नावाची चटणी घेऊन जा म्हणावं.

जुळेसोलापूरकर (२३ दिवसांनी)

उशीर झाला, माफी. आई गेली होती आत्याकडे, एकटी. दुपारी बारा ते संध्याकाळी सहा. काय बोलल्या दोघी ते आई अजून पूर्ण सांगत नाही.

एवढं कळलं की आत्याकडे फाइल आहे. ट्रंकेत, शालूच्या घडीखाली. धाकटा दोन वर्षांचा असतानाची. कानाच्या तपासणीचा आलेख, आणि खाली डॉक्टरच्या अक्षरात, नात्यातला विवाह, जनुकीय तपासणी करावी. सतरा वर्षं ती फाइल तिथं आहे. तापाची गोष्ट आत्यानं स्वतः पसरवली होती, कारण तिची सासू ग्रहणाच्या भाजीवरून उठता-बसता तिला बोलायची आणि ताप हा निदान कुणाचा दोष नाही. सासू म्हणजे तिची आत्याच की. मी ताटावर टेस्ट म्हणालो तेव्हा तिला वाटलं फाइल कुणीतरी उघडली.

मग आम्ही सगळे मोठे मिळून ठरवलं की धाकट्याचं रक्त पाठवायचं. तारीख ठरली, लॅबचा माणूस घरी येणार, भावजींनी सुट्टी टाकली. आणि धाकट्यानं मला व्हॉट्सअ‍ॅप केला. जसाच्या तसा देतो:

"रक्त माझं. मला कोणी विचारलं का. सगळे तोंड हलवतात माझ्यासमोर. मला वाटलं मला काय आजार झाला."

मी अर्धा तास नुसता मोबाईल धरून बसलो. इथं मी ओळखदेख नसलेल्या बारा लोकांना विचारलं, त्याला नाही. त्याच रात्रीच्या गाडीनं सोलापूर गाठलं. रेणूसूत्र यांचा तो चार मुलांचा हिशोब त्याला कागदावर चौकोनात काढून दाखवला, त्यानं माझी चूक काढली, डिझायनर आहे शेवटी, चौकोन त्याचा रोजचा. दोन तृतीयांश त्याला माझ्या आधी कळलं. मग त्यानं लिहिलं, "देतो. पण रिपोर्ट आधी मी वाचणार. मग ठरवीन कोणाला दाखवायचा."

रेणूसूत्र

बरोबर आहे त्याचं. अठरा पूर्ण आहेत म्हणजे संमतीपत्रावर त्याचीच सही लागणार, आणि रिपोर्ट त्याच्याच मेलवर मागवा. लॅबला आधी सांगून ठेवा नाहीतर सवयीनं वडिलांना फोन करतील. मी हे पहिल्याच प्रतिसादात लिहायला पाहिजे होतं, राहून गेलं.

पूर्वभाग

माझ्या भाच्यानं रेल्वेतच दुसऱ्या पोस्टसाठी अर्ज केलाय. आणि मामाची मुलगी वाहक आहे हे तिला सांगू का, की नको? तिला दोन पोरं आहेत.

दोन_मुलींची_आई

आधी तिलाच विचारा, माहिती हवी आहे का.

तिरकस

@जुळेसोलापूरकर पप्पा जेवले का?

जुळेसोलापूरकर

जेवतात, माझ्याशी बोलत नाहीत. सॅम्पल गुरुवारी गेलं, लॅबवाले म्हणाले महिनाभर तरी लागेल. साखरपुड्याची तारीख कुणी काढत नाही आणि नको पण म्हणत नाही. ताई काल टिळक चौकात साड्या बघून आली. धाकटा बरोबर गेला होता, रंग त्यानं निवडला.